अंगठीवाले काका

हरवलेली सोन्याची अंगठी मेटल डिटेक्टरने शोधायला निघणारा, नोकरीतून निवृत्त आणि घरकामातून फरार असा गृहस्थ म्हणजे अंगठीवाले काका. इंदूरहून आग्रा-मुंबई रस्त्याने निघालं की महू मागे पडतं आणि विंध्याचा घाट उतरण्याआधी मानपूर लागतं. तिथल्या मराठी घरांत हा नमुना शोभून दिसतो. महूची लष्करी छावणी 1818 सालची. तारा, बॅटऱ्या आणि हेडफोन यांची ओढ त्या पाण्यातच आहे. काका बहुधा तिथल्याच एखाद्या स्टोअरमधून निवृत्त झालेले असतात आणि सुरुंग शोधण्याबद्दल ते जे सांगतात ते सगळं ऐकीव असतं.

सोनाराच्या दुकानाचा केर आणि गटाराचा गाळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी हे काकांचे खरे पूर्वज. झारेकऱ्याला त्यातून पोट भरता येई, काकांना फक्त पोहे मिळतात, एवढाच फरक.

यंत्राचं तत्त्व साधं आहे. दांड्याच्या टोकाच्या थाळीत, म्हणजे कॉइलमध्ये, उलटसुलट वीज खेळते; तिच्या चुंबकीय क्षेत्रात धातू आला की धातूतही प्रवाह उठतात आणि कॉइलला त्यांची चाहूल लागते. पण माळव्याची काळी माती बेसाल्टची लेक, तिच्या अंगातच लोहखनिज. त्यामुळे यंत्र मातीलाच धातू समजून कुरकुरतं. यावर उपाय म्हणजे ग्राउंड बॅलन्स. स्वच्छ जागा बघून थाळी जमिनीलगत खाली-वर हलवायची आणि दोन्ही वेळा आवाज सारखा येईपर्यंत जुळवत राहायचं. काका हे इतक्या भक्तिभावाने करतात की नवख्या माणसाला आरती चालली आहे असं वाटावं.

पुढे सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राचा कान किती तिखट ते. नवे काका ती शेवटच्या टोकापर्यंत नेतात, कारण पैसे पूर्ण मोजलेले असतात. मग विजेच्या तारा, शेजारचा पंप, मातीतलं लोह असं सगळंच बोलू लागतं आणि अंगठी बिचारी गप्प राहते. मुरलेले काका बडबड थांबेपर्यंत ती कमी करतात. कॉइलमधल्या विजेची फ्रिक्वेन्सी मात्र ते वर ठेवतात. बारीक सोन्याला पाच किलोहर्ट्झपेक्षा पंधरा-वीस किलोहर्ट्झ मानवतात.

खरी गोम आहे ती डिस्क्रिमिनेशनमध्ये, म्हणजे नको तो धातू गाळण्यात. लोखंड गाळावं, त्याला कोणाची हरकत नाही. पण यंत्राच्या पडद्यावर धातू ओळखायला जो आकडा उमटतो, तसा सोन्याला स्वतःचा असा आकडा नाही. शुद्ध सोनं विजेचं उत्तम वाहक; 22 कॅरटसाठी त्यात तांबं-चांदी मिसळली की ते गुण बरेच उतरतात, 18 कॅरटमध्ये आणखी. शिवाय अंगठीचा आकार, जाडी आणि अखंडपणाही मोजला जातो. सांधा तुटलेली अंगठी एकदम खालच्या आकड्यावर घसरते, नाजूक साखळी तर कित्येकदा दिसतच नाही. परिणामी सोन्याची अंगठी नेमकी गोळ्यांच्या पाकिटाची चांदी, थंड पेयाच्या डब्याची कडी आणि जुनं कंगोऱ्यांचं दहा पैशांचं नाणं यांच्या पंगतीत बसते. कचऱ्याचा त्रास नको म्हणून चांदीचा कागद गाळला, की सासऱ्याने घातलेली अंगठीही त्याबरोबर गाळली जाते. म्हणून जाणते काका आधी काकूंची अंगठी मागून गवतावर ठेवतात, तिचा आकडा बघतात आणि त्याच्या आसपासचं सगळं खणतात. काकू तेवढा वेळ डोळ्यांत तेल घालून उभ्या असतात. घरात दुसरी अंगठी हरवायला नको.

असं खणल्यावर काय निघतं? जवळच्या जानापाव डोंगरावरच्या कार्तिकी जत्रेनंतर पहिल्या तासात बाटल्यांची बुचं, दुसऱ्या तासात पुन्हा बुचं. स्वच्छतेत देशात पहिलं आलेल्या इंदूरचा हा जिल्हा; त्या लौकिकात काकांचाही हातभार आहे, फक्त त्याची नोंद कुठे नाही. नर्मदेच्या खलघाटावर काम अवघड होतं. गार पाण्यात बोटं आकसतात, अंगठी सुटते, आणि 22 कॅरटचं सोनं पाण्याच्या सतरा-अठरा पट जड असल्याने गाळात खोल बसतं. नाणी काढणाऱ्या पोरांचा दोरीला बांधलेला लोहचुंबक इथे निकामी, सोन्याला तो चिकटत नाही. काका गुडघाभर पाण्यात उभे राहून ही माहिती पोरांना देतात, आणि तोवर पोरांनी दहा-बारा रुपये काढलेले असतात.

अपयशाला काकांपाशी इतिहास तयार असतो. 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी अलेक्झांडर ग्रॅहम बेलला अशाच यंत्राने सापडली नव्हती. पलंगाच्या स्प्रिंगांनी घोळ केला म्हणतात. मानपुरात पलंग नसला तरी बैलगाडीची धाव, पत्र्याची शेड किंवा बघ्यांच्या बुटांतले खिळे ती जागा भरून काढतात.

कायद्याबाबत काका चोख असतात. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं, असं 1878 चा निखात निधीचा कायदा सांगतो. 1860 च्या दंडसंहितेत तर उदाहरणच अंगठीचं होतं: सापडलेली मौल्यवान अंगठी मालकाचा शोध न घेता विकून टाकणारा गुन्हेगार. काकांवर ही वेळ अजून आलेली नाही.

अंगठी हरवली तर जागा झाडू नये, खुणेला काठी रोवावी, अंगठी किती कॅरटची आणि केवढी ते नीट सांगावं. आणि काकांना निरोप धाडण्याआधी कणकेची परात, साबणाची वडी आणि उशीचा अभ्रा एकदा बघून घ्यावा. काकांच्या आजवरच्या बहुतेक अंगठ्या तिथेच सापडल्या आहेत.