तुमचा खेळ कसा आहे?

क्रिकेटवाल्याला खेळपट्टी असते, दव असतं, अंपायर असतो. टेनिसवाल्याच्या डोळ्यांवर ऊन येतं. बुद्धिबळ खेळणाऱ्यालाही निदान शेजारच्या पटावरच्या माणसाच्या खोकल्याचा आधार असतो. टेबल टेनिसवाल्याची मात्र पंचाईत आहे. हॉल बंद, टेबल सपाट, नेट दोघांना सारखंच, आणि 2.7 ग्रॅमचा चेंडू तर बिचारा कुणाच्याच बाजूचा नाही. अशा ठिकाणी अकरा-तीन हरलेल्या माणसाने बोट दाखवायचं कुणाकडे? पण देव दयाळू आहे. त्याने बॅटला रबर दिलं आणि रबराच्या पोटात स्पंज दिला.

आमच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये हरलेला माणूस आधी बॅट उलटीसुलटी करून बघतो. मग रबरावर अंगठा दाबतो. मग "मऊ पडलाय" किंवा "फारच कडक आहे" यातलं एक वाक्य म्हणतो. कोणतं म्हणायचं ते शेवटचा चेंडू नेटमध्ये गेला की टेबलाबाहेर, यावर ठरतं.

ही सोय जगाला मुंबईने करून दिली, याचा आपण म्हणावा तसा अभिमान बाळगलेला नाही. 1952 साली टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा पहिल्यांदा आशियात आली, ती मुंबईत. तोवर बॅट म्हणजे लाकूड आणि त्यावर दाण्यादाण्यांचं पातळ रबर. चेंडू लागला की टक् असा स्वच्छ आवाज यायचा आणि समोरच्याला त्या आवाजावरून फटक्याचा अंदाज बांधता यायचा. जपानहून आलेल्या हिरोजी सातो नावाच्या चष्मेवाल्या खेळाडूच्या बॅटवर जाड स्पंज होता. त्याच्या फटक्याला आवाजच नव्हता. चेंडू स्पंजात शिरायचा, आत काय करायचा कुणास ठाऊक, आणि भलत्याच वेगाने बाहेर पडायचा. भलेभले गडी नुसते वाकून बघत राहिले. अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोत्सियानला हरवून सातो विश्वविजेता झाला.

सातोने हरवलेल्यांत अमेरिकेचा मार्टी राइसमन होता. हा गृहस्थ पुढे जन्मभर स्पंजाच्या नावाने खडे फोडत राहिला, आणि 1997 साली, वयाच्या 67व्या वर्षी, बिनस्पंजाच्या बॅटींची अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धा त्याने जिंकून दाखवली. एक पराभव पंचेचाळीस वर्षं असा ताजा ठेवायला दम लागतो. आमच्याकडचे लोक पुढच्या गेमपर्यंत कारण बदलतात.

शेवटी 1959 साली जागतिक संघटनेने तोड काढली. नुसता स्पंज चालणार नाही, वर रबर हवंच, आणि दोन्ही मिळून गोंदासकट 4 मिलिमीटरच्या पुढे जायचं नाही. या 4 मिलिमीटरांत माणसाचा किती वेळ, पैसा आणि संसारसुख मावतं, याची त्या समितीला कल्पना नसावी.

दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, "तुमचा खेळ कसा आहे?" विचारणारा मुलगा विशीतला असतो आणि त्याचा हेतू चांगला असतो. अटॅकिंग, ऑलराउंड की डिफेन्सिव्ह, एवढंच त्याला हवं असतं. स्वतःला डिफेन्सिव्ह म्हणवून घेणारं गिऱ्हाईक मी तरी पाहिलेलं नाही. गुडघ्याला पट्टा बांधून आलेले गृहस्थसुद्धा "अटॅकिंग" म्हणतात आणि पोट आत घेतात. मीही तेच म्हणालो. खरं तर माझा खेळ पूर्णपणे समोरच्याच्या चुकांवर चालतो. त्याला कितीचा स्पंज शोभेल याचा तक्ता अजून कोणत्या कंपनीने छापलेला नाही.

मग डिग्री येते. स्पंजाचा कडकपणा डिग्रीत सांगतात आणि इथे सामान्य माणूस बुडतो. जपानी बटरफ्लायच्या टेनर्जी 05 वर 36 लिहिलेलं असतं, त्याच घरातल्या डिग्निक्सवर 40. जर्मन बनावटीच्या रबरावर 47.5 असतं. चिनी हरिकेन 3 घ्यायला जावं तर 39, 40, 41 असे आकडे. साधं गणित करणारा माणूस समजतो की जर्मन सगळ्यांत कडक. तसं मुळीच नाही. प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी आहे. जपानी 36 आणि जर्मन 47 हाताला जवळजवळ सारखेच लागतात आणि चिनी 39 दोघांपेक्षाही दगड निघतं. पत्रिकांसारखंच आहे हे. गुण किती ते विचारण्याआधी गुरुजी कोणते ते विचारावं. मी 36चं रबर घरी आणलं तेव्हा सगळेच्या सगळे गुण जुळले म्हणून खूश होतो. 36चा दुसराही एक अर्थ मराठीत आहे, तो महिनाभरात कळला.

आता यातलं शास्त्र. मऊ स्पंज मनाने चांगला असतो. हळू मारलं तरी चेंडू आत घेतो, जरा धरून ठेवतो, थोडी फिरकी स्वतःच्या पदरची घालतो आणि पलीकडे पोचवतो. पण त्याच्या चांगुलपणाला तळ आहे. जोरात मारलंत की चेंडू सगळा स्पंज चेपून खालच्या लाकडावर जाऊन आदळतो आणि तुमच्या ताकदीतला पुढचा सगळा भाग वाया जातो. कडक स्पंजाचा स्वभाव उलटा. हळू मारणाऱ्याला तो ओळखच दाखवत नाही. चेंडू वरच्या वर घसरून नेटमध्ये जातो. पण ज्याचा हात खांद्यापासून, कमरेपासून, पायांपासून फिरतो, त्याने कितीही मारलं तरी हा स्पंज संपत नाही. मा लाँगने एकेरीची दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं फोरहँडला हरिकेन लावून मिळवली, हे खरं आहे. त्याच रबराने आमच्या सी विंगमधल्या एका इंजिनिअरने दोन ट्यूबलाइट मिळवल्या, हेही खरं आहे.

त्यात चेंडूही बदलत गेला. 2000 साली तो 38चा 40 मिलिमीटर झाला, 2014 पासून सेल्युलॉइड जाऊन प्लॅस्टिक आलं. फिरकी कमी झाली म्हणून मोठे खेळाडू अधिक कडक स्पंजाकडे वळले. आणि त्यांच्या फिरकीत घट झाली म्हणून, जिच्यात घट व्हायला मुळात काही नव्हतंच अशी आमची मंडळीही त्यांच्यामागोमाग वळली.

आमच्याकडे रविवारी मुलांना शिकवायला एक कोच येतात. सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांची तपासणीची पद्धत वेगळी आहे. ते टेबलाकडे पाठ करून चहा पितात आणि तुम्हाला टॉपस्पिन मारायला सांगतात. नुसत्या आवाजावरून त्यांना कळतं. मी माझी नवी 47.5 डिग्री घेऊन उभा राहिलो आणि ऐपतीप्रमाणे मारलं. सरांनी बशी खाली ठेवली.

"काका, स्पंज केवढ्याला पडला?"

मी आकडा सांगितला. आकडा चार अंकी होता.

"तो अजून वापरायला काढलेलाच नाही तुम्ही. बॉल आत शिरतच नाहीये. दारातूनच परत येतोय."

"मग काय करू?"

"रोज शंभर वेळा नुसता हात फिरवा. नाहीतर मऊ घ्या. पातळ घ्या. दोन पॉइंट एकच्या ऐवजी एक पॉइंट आठ."

शंभर वेळा हात फिरवण्यापेक्षा दुसरं रबर घेणं सोपं असतं, या एका तत्त्वावर हा सगळा धंदा उभा आहे.

रबर घेतलं की ते प्लायवर, म्हणजे बॅटच्या लाकडावर, चिकटवायचं असतं, आणि या कामाला घरातली सगळ्यांत चांगली जागा म्हणजे जेवणाचं टेबल. आधी जुनं रबर एका कोपऱ्यातून धरून हळूहळू सोलायचं, लाकडाची सालपटं येऊ द्यायची नाहीत. मग स्पंजाला आणि प्लायला पांढरा गोंद लावायचा आणि तो पारदर्शक होईपर्यंत थांबायचं. हे थांबणं फार अवघड असतं, कारण त्याच वेळी घरात कुणाला तरी ताटं मांडायची असतात. पूर्वी हा गोंद द्रावकांचा असायचा. खेळाडू प्रत्येक सामन्याआधी तो नव्याने लावत, स्पंज फुगायचा, चेंडू पिसाळल्यासारखा उडायचा आणि खोलीभर वास सुटायचा. तो वास तब्येतीला वाईट म्हणून 2008 साली त्यावर बंदी आली. आता पाण्यातला गोंद आहे, त्याला फारसा वास नाही. त्यामुळे घरच्यांच्या हाती तक्रारीचा एक मुद्दा कमी झाला, पण लाटण्याचा उरलाच. रबर बसवताना आत हवेचे फुगे राहू नयेत म्हणून वरून काहीतरी गोल फिरवावं लागतं. त्यासाठी वेगळा रूळ मिळतो. पण लाटणं हाताशी असतं.

"तेच लाटणं पोळ्यांना वापरायचंय ना मला?" असं आतून आलं.

"पाण्याचा गोंद आहे," मी म्हणालो.

यावर जी शांतता पसरली, तिची डिग्री चिनी मोजपट्टीवर मोजावी लागली असती.

हे सगळं करून बॅट तयार झाली की जून येतो. रबराच्या डब्यावरची माहिती लिहिणाऱ्यांनी आपला पावसाळा पाहिलेला नाही. जुलैत आमच्या हॉलच्या भिंतींना घाम सुटतो. रबरावर ओलसर थर बसतो आणि ज्या चिनी रबराला चेंडू चिकटून उलटा लोंबकळावा अशी ख्याती, त्याच्यावरून तो साबणाच्या वडीवरून सटकावा तसा सटकतो. पंखा लावावा तर चेंडू वाऱ्यावर जातो. न लावावा तर माणसं जातात. दर दोन पॉइंटांनी सगळे रबरावर हाऽ करून फुंकतात आणि ते विजारीला पुसतात. यात आधीच दमट असलेल्या रबरावर आपण आणखी वाफ सोडतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि आलं तरी कुणी थांबत नाही. विचार करायला तेवढीच उसंत मिळते.

या सगळ्यापासून अलिप्त असा आमच्यात एकच माणूस आहे. बँकेतून निवृत्त झालेले काका. त्यांच्या बॅटच्या काळ्या बाजूला लाँग पिंपल, म्हणजे लांब दाण्यांचं रबर आहे, आणि त्याखाली स्पंजच नाही. दाणे थेट लाकडावर. या रबराला स्वतःची फिरकी जवळजवळ नसते. तुम्ही जी पाठवाल तीच उलटी होऊन येते. तुम्ही टॉपस्पिन मारलात तर तुमच्याच ताकदीचा कट होऊन परत, तुम्ही कट केलात तर चेंडू किंचित पुढे फिरत उशिरा आणि लुळा येतो. म्हणजे माणूस काकांशी हरत नाही, स्वतःशी हरतो. मनिका बत्राने बॅकहँडला हेच दाणे लावून 2018च्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण आणलं तेव्हा देशाने टाळ्या वाजवल्या. काका हेच करतात तेव्हा लोक म्हणतात, हा काही खेळ नव्हे.

काकांना एक खंतही आहे. पूर्वी बॅटच्या दोन्ही बाजू एकाच रंगाच्या चालत. एकीकडे फिरकीचं रबर, दुसरीकडे मुर्दाड; हातातल्या हातात बॅट फिरवली की समोरच्याला पत्ता नाही. आवाजातला फरक कळू नये म्हणून सर्व्हिस करताना जमिनीवर पाय आपटणारे महाभागही होते. शेवटी 1986 पासून एक बाजू काळी आणि दुसरी लाल असा नियम झाला. 2021 पासून लालऐवजी निळा, हिरवा, गुलाबी, जांभळाही चालतो, पण काळी बाजू काळीच. "आमच्या उमेदीत कायदा केला," काका म्हणतात. पाय मात्र ते अजून आपटतात. सवय म्हणून.

सव्वीस जानेवारीच्या सोसायटी स्पर्धेत डबल्सच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि माझ्या नशिबी काका आले. लोकांनी माझं सांत्वन केलं. मी तोवर सरांचं ऐकून मऊ, पातळ रबरावर आलो होतो. माझा चेंडू हळू, उंच, पण बऱ्यापैकी फिरत जायचा. काकांचा चेंडू सरळ, मेलेला, कधी उलटाच फिरणारा. आणि डबल्समध्ये जोडीदारांना आळीपाळीनेच मारावं लागतं. त्यामुळे समोरच्यांना एक चेंडू फिरणारा, एक मेलेला, पुन्हा एक फिरणारा, पुन्हा एक मेलेला, असं पथ्यपाणी सुरू झालं. एकाने बॅट मिटवली की चेंडू नेटमध्ये, दुसऱ्याने उघडली की खिडकीत. माझ्या रबराचं माझ्या खेळाशी कधीच जमलं नव्हतं. काकांच्या खेळाशी ते अगदी फिट्ट बसलं. आम्ही उपांत्य फेरीत जाऊन पोचलो. तिथे समोर डिग्निक्सवाले बापलेक होते, दोघांच्या बॅट मिळून एका स्कूटरच्या किमतीच्या आसपास. तेही हरले.

सामन्याआधी बॅट एकमेकांना दाखवायची असा नियमच आहे, पण सोसायटीत कोण दाखवतं? त्यामुळे सगळं झाल्यावर बापलेकांनी आमच्या बॅट मागून घेतल्या. मुलाने माझ्या स्पंजात अंगठा रुतवला, अंगठा पार आत गेला, आणि त्याचा चेहरा दुखावल्यासारखा झाला. मग त्याने काकांची बॅट उजेडात धरली. दाण्यांवरून नख फिरवलं, कडेने स्पंज शोधला. वडिलांनी चष्मा वर करून शोधला. सापडेना.

"काका," मुलाने शेवटी विचारलं, "डिग्री किती?"

"बी.कॉम.," काका म्हणाले. "पण फर्स्ट क्लास."