भोपळ्याची वेल आणि सातबारा

शाहूवाडी तालुक्यात भोपळा लावण्यापूर्वी जमिनीची मोजणी करून घेणे इष्ट. वेल ती मानत नाही, पण अतिक्रमण नेमके किती झाले हे तरी मालकाला कळते. जागा उकिरड्यालगतची निवडावी. कुणीही न लावलेली वेल तिथे शास्त्रोक्त लावलेल्या वेलीला लाजवते. कारण साधे आहे, भोपळ्याला कुजलेले शेणखत भरपूर लागते. आंबा-मलकापूरकडच्या पावसात आळ्यात पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून मातीचा उंचवटा करून त्यावर दोन-तीन बिया टोकाव्यात.

तांबडा भोपळा मूळचा अमेरिका खंडातला, म्हणजे इथे तुलनेने नवखा. तरी बांध कोरण्याची स्थानिक कला त्याने चांगलीच आत्मसात केली आहे. दोन वेलींत 2 ते 3 मीटर अंतर सोडावे असे पुस्तके सांगतात. त्यात शेजाऱ्याचे अंगण धरलेले नाही. दुधीला मांडव द्यावा, म्हणजे फळ सरळ लोंबते व चिखलात कुजत नाही. कोहळ्याची वेल छपरावर सोडण्याची रीत आहे. कौले फुटल्यास ती आधीच फुटकी होती असे म्हणावे. ललिता पंचमीला कोल्हापुरात त्र्यंबोली टेकडीवर कोहळा विधिपूर्वक फोडतात आणि त्याच्या तुकड्यांसाठी झुंबड उडते. घरच्या कोहळ्याबाबत एवढी अपेक्षा ठेवू नये.

सुरुवातीची फुले बहुधा नर असतात आणि गळून पडतात. त्यावरून बियाणेवाल्याशी भांडायला जाऊ नये. मादी फुलाच्या बुडाशी इवलासा भोपळा दिसतो. पावसाच्या झडीत मधमाश्या फिरकत नाहीत. तेव्हा नर फुलाच्या पाकळ्या काढून त्यातले पराग मादी फुलाच्या मध्यभागी अलगद टेकवावेत. तांबड्याचे फूल पहाटे उमलून दुपारपूर्वी मिटते, दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते. दोन्ही लावणाऱ्याने दुपारी झोप काढून घ्यावी.

कोवळ्या फळाकडे बोट दाखवले की ते सडते, असा समज आहे. प्रत्यक्षात फळमाशी सालीखाली अंडी घालते व अळ्या गर खातात. तिला बोट नसते. किडके फळ खोल पुरावे आणि क्यू-ल्युरचे सापळे टांगावेत. गव्यासाठी सापळा नाही. तो आल्यास मालकाने घरात थांबावे. कुंपणाचे काय करायचे ते गवा ठरवतो.

नखाने साल टोचेनाशी झाली की तांबडा भोपळा दोन-तीन इंच देठासह काढावा. कोरड्या, हवेशीर जागी तो महिनोन् महिने टिकतो, म्हणजे घारग्यांना घरातल्यांचा नकार येईपर्यंत. हद्दीपलीकडे धरलेल्या फळाचा निम्मा वाटा शेजाऱ्याला द्यावा. तलाठ्यापर्यंत जाण्यापेक्षा ते स्वस्त पडते. दुधी मात्र देण्याआधी कच्चा तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागल्यास लगेच थुंकावा आणि ते फळ टाकून द्यावे, कारण त्यातल्या कुकुरबिटासिनने विषबाधा होते. बांधाचा वाद कितीही जुना असला, तरी असा दुधी शेजारी धाडू नये.