टेपवाले अण्णा

घर बांधायला काढलेला माणूस लांबूनही ओळखू येतो. आपल्याकडे आला की तो आपल्याकडे न बघता आधी छताकडे बघतो. मग फरशीवर हळूच टाच आपटून कुठे पोकळ वाजतं का ते पाहतो. चहा येईपर्यंत त्याने आपला हॉल नजरेनेच मोजलेला असतो आणि पहिला घोट घेऊन तो विचारतो, "खिडकी चार फुटांचीच का घेतली?" आपण ती घेतलेली नसते, बिल्डरने दिलेली असते. पण त्यानंतर आपल्यालाही ती खिडकी लहान वाटायला लागते.

आमच्या सांगलीत असा माणूस दर दोन गल्ल्यांमागे एक सापडतो. त्याला आपण अण्णा म्हणू. वय पंचावन्नच्या पुढे, नोकरी बँकेत, एसटीत नाहीतर जिल्हा परिषदेत, निवृत्ती तोंडावर आलेली, फंडाचा आणि ग्रॅच्युइटीचा आकडा तोंडपाठ. शर्टाच्या खिशात दोन पेनं, पँटच्या खिशात पाच मीटरचा टेप. समोर येईल ते दार अण्णा मोजतात. पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा हातात अक्षता घेऊन सगळे उभे होते आणि अण्णा कार्यालयाच्या न्हाणीघराचं दार मोजत होते. "अडीच फुटांत भागतं बघा," ही बातमी त्यांनी पंगतीत जिलबी वाढली जात असताना दिली.

सांगलीत प्लॉट घेणारा माणूस आधी भाव विचारत नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णा किती फुटांवर गेली की इथे पाणी येतं, हे विचारतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांवर गेली आणि आपलं घर नेमकं किती उंचावर आहे हे शहरातल्या पुष्कळांना इंचांत कळलं. त्याआधीचा २००५ चा आणि नंतरचा २०२१ चा, असे सगळे पूर कुठल्या चौकात कुठवर आले होते हे अण्णांना पाठ आहे. निळी पूररेषा, लाल पूररेषा यांवर ते अर्धा तास बोलू शकतात, आणि बोलतातही. म्हणून त्यांनी नदीपासून लांब, कुपवाडच्या बाजूला दोन गुंठे घेतले. ३३ बाय ६६, म्हणजे २१७८ चौरस फूट. रस्ता दक्षिणेला, म्हणून जरा स्वस्तात पडला.

अण्णा वास्तुशास्त्र मानत नाहीत. "पण उद्या उगीच कुणी बोलायला नको," म्हणून देवघर ईशान्येला, स्वयंपाकघर आग्नेयेला आणि स्वतःची झोपायची खोली नैर्ऋत्येला, एवढं पक्कं करूनच त्यांनी पहिली रेघ ओढली. दक्षिणेच्या तोंडामुळे जे वाचलं ते त्या तोंडाचा दोष काढण्यात गेलं, असं काकू म्हणतात.

रेघ ओढली ती आलेखाच्या वहीत. एक चौकोन म्हणजे एक फूट. दोन्ही बाजूंची मार्जिन सोडून रुंदीला २५ फूट उरत होते. अण्णांनी १३ फुटांचा हॉल आणि शेजारी १२ फुटांची खोली काढली. तेरा आणि बारा पंचवीस, बेरीज चोख. ओळखीच्या एका इंजिनिअरने वही पाहिली आणि शांतपणे विचारलं, "अण्णा, भिंती कुठे आहेत?" बाहेरच्या दोन भिंती नऊ-नऊ इंचांच्या, मधली साडेचार इंचांची. एक फूट साडेदहा इंच नुसत्या विटांनी खाल्ले. अण्णा दोन दिवस जेवले नाहीत असं नाही, पण भिंतींकडे ते रागाने बघत होते हे मी स्वतः पाहिलं आहे.

दुसऱ्या प्लॅनमध्ये भिंती आल्या आणि जिना राहिला. तिसऱ्यात जिना आला, पण तीन बाय सहा फुटांत. दहा फूट चढायचं म्हणजे १२० इंच, पायरी सहा इंचांची धरली तर वीस चढाव, शिवाय वळायला चौथरा. "या जिन्यावरून पाल जाईल," इंजिनिअर म्हणाला. तेव्हापासून अण्णा कुठेही जिना चढताना पायऱ्या मोजतात आणि वर पोचल्यावर नमस्काराच्या आधी आकडा सांगतात. जिन्याखालच्या जागेवर मात्र त्यांचा विशेष जीव. तिथे आजवर त्यांनी संडास, इन्व्हर्टर, चपलांचं कपाट, स्कूटर आणि एकदा, काकू घरात नसताना, देवघरसुद्धा बसवून पाहिलं आहे.

मला विचाराल तर यात अण्णांचा दोष नाही. ज्याने उभं आयुष्य घरमालकाला विचारून भिंतीत खिळा ठोकला, त्याला अख्खी भिंतच हवी तिथे हलवता येते म्हटल्यावर नशा चढणारच. खोडरबर घेतलं की बेडरूम दोन फूट पूर्वेला सरकते, कुणाची परवानगी लागत नाही. इतकी सत्ता अण्णांना ना ऑफिसात मिळाली ना घरात.

बजेट हा वहीचा मागचा भाग. बांधकाम २५ बाय ४४, म्हणजे अकराशे चौरस फूट. अठराशेच्या दराने १९ लाख ८० हजार. वीस लाखांच्या आत आलं याचा अण्णांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या आकड्याभोवती चौकट काढली. चौरस फुटाला ०.४ पोती धरून सिमेंट ४४० पोती, चार किलो धरून सळई ४४०० किलो. वाळू, खडी ब्रासच्या हिशोबात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हे नातवालाही पाठ करून घेतलं आहे.

मग कंत्राटदार येतो. हा फार गोड बोलणारा माणूस असतो. अण्णांचा प्रत्येक प्रश्न तो मान हलवून ऐकतो आणि शेवटी म्हणतो, "ते आपल्या रेटमध्ये नाही." कंपाउंड वॉल रेटमध्ये नाही. गेट नाही. बोअर नाही, जमिनीखालची टाकी नाही, शोषखड्डा नाही, लाइटचं मीटर नाही. इकडची जमीन काळी. मुरूम लागेपर्यंत खोदायचं, आणि ठरल्यापेक्षा जास्त खोल जावं लागलं तर त्या फुटांचे पैसे वेगळे. अण्णा प्रत्येक "नाही" वहीत लिहितात. पान भरतं. "मग रेटमध्ये आहे तरी काय?" असं त्यांनी एकदा विचारलं. "घर आहे की," कंत्राटदार म्हणाला.

अशा वेळी अण्णांकडे एक हुकमी उपाय असतो: थांबणे. सळई महाग झाली, थांबू. पावसाळा आला, थांबू. निवडणूक आली, वाळू मिळणार नाही, थांबू. २२ सप्टेंबर २०२५ ला सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, त्या दिवशी अण्णा पेढे घेऊन सगळ्या गल्लीत फिरले. "बघा, थांबलो म्हणून!" ४४० पोती, पोत्यामागे सत्तावीस-अठ्ठावीस रुपये, म्हणजे बारा हजार वाचले. काकूंनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "घरभाडं नऊ हजार. वर्षाचे किती होतात हो?" अण्णांनी तो हिशोब वहीत घेतला नाही. ते म्हणाले, हा विषय वेगळा.

काकूंनी या सगळ्यात एकही रेघ ओढलेली नाही. त्या फक्त विचारतात. "गणपतीचं मखर कुठे ठेवायचं?" विचारलं आणि पाचवा प्लॅन बाद झाला. "जादाच्या गाद्या?" सहावा गेला. अण्णांच्या प्लॅनमध्ये मुलासाठी खोली होती, जो हिंजवडीत असतो आणि दिवाळीला दोन दिवस येतो. पाहुण्यांसाठी खोली होती. वाचनाची म्हणून एक खोली होती. अण्णा पेपर व्हरांड्यात वाचतात. गव्हाच्या कोठीला, पिठाच्या डब्यांना, परातीला आणि वर्षभराच्या तिखटाच्या बरण्यांना मात्र पत्ता नव्हता. स्वयंपाकघर आठ बाय आठ होतं, कारण दर वेळी कुठेतरी दोन फूट कमी पडले की ते तिथूनच काढले जात.

शेवटी जमिनीवर फक्की मारायचा दिवस आला. पांढऱ्या रेघांनी आखलेलं घर इतकं लहान दिसतं की पाहणारा प्रत्येक जण "एवढंसंच?" म्हणतो, आणि अण्णाही मनातून म्हणाले. गवंडी समजूत घालत होता की भिंती चढल्या की मोठं वाटेल. काकू चपला काढून आग्नेयेच्या चौकोनात जाऊन उभ्या राहिल्या. उजवा हात लांब करून म्हणाल्या, "हा ओटा." डावा हात लांब केला, "हा फ्रीज." मग फ्रीजचं दार उघडल्यासारखा तो हात मागे घेतला, एक पाऊल मागे सरल्या, आणि फक्कीच्या रेघेपलीकडे उभ्या राहिल्या. "दार उघडलं की मी घराबाहेर," एवढंच म्हणाल्या. कुणी काही बोललं नाही. गवंड्याने पायाने रेघ पुसली.

महापालिकेत मंजूर झालेल्या नकाशात स्वयंपाकघर दहा बाय बारा आहे, त्याला लागून कोठीची खोली आहे, वर मखरापुरता माळा आहे. वाचनाची खोली गेली, पाहुण्यांची गेली, पाहुणे हॉलमध्ये झोपतील. स्वयंपाकघर मोठं हवं ही कल्पना मुळात आपलीच, असं अण्णा सगळ्यांना सांगतात आणि काकू ते खोडून काढत नाहीत. चौकटीतला १९ लाख ८० हजारांचा आकडा तसाच आहे. त्याच्याखाली काकूंच्या अक्षरात २७ लिहिलं आहे.

बांधकाम सुरू झालं आहे. बघायला जाणार असाल तर पोटभर खाऊन आणि सकाळी लवकर निघा. अण्णा प्रत्येक कॉलमची माहिती स्वतंत्र देतात, आणि कॉलम बारा आहेत.