गाण्याचा लॉट नंबर

नवीन जालन्यात कुठल्याच मालावर डोळे मिटून विश्वास ठेवायची रीत नाही. सळई घेतली तर तिच्यावरचा मिलचा शिक्का बघायचा, भंगाराचा ट्रक आला तर काट्याची पावती, आणि बियाण्याची पिशवी हातात आली तर आधी लॉट नंबर. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली, तेव्हापासून टॅग वाचणं हे इथलं अक्षरवाङ्मय आहे.

अशा गावात, कृषी सेवा केंद्रात उभा जन्म बिलं फाडण्यात घालवलेल्या एका काकांनी गाण्यांचीही तपासणी सुरू केली, यात नवल ते काय? काकांच्या गोदरेजच्या कपाटात कॅसेटींची कव्हरं आहेत. कॅसेटी नाहीत. त्यांच्या टेपा केव्हाच गुंतल्या, तुटल्या, पोरांनी त्या पतंगाला बांधल्या. कव्हरं मात्र सालवार, रबर लावून. ‘पिशवी, टॅग आणि पावती हंगाम संपेपर्यंत टाकू नका,’ असं ते गिऱ्हाइकाला बजावत असत. कॅसेटचा हंगाम संपल्याचं त्यांना अजून कुणी कळवलेलं नाही.

प्रकरण उकरलं ते पुतणीनं.

“काका, ब्रिटनी स्पिअर्सच्या ‘टॉक्सिक’मध्ये लतादीदींचा आवाज आहे म्हणे!”

“म्हणे? कव्हर आण.”

कव्हर नव्हतं, मोबाइल होता. काकांनी एका कानाला ‘टॉक्सिक’ आणि दुसऱ्या कानाला ‘एक दूजे के लिए’मधलं ‘तेरे मेरे बीच में’ असे दोन फोन लावून सात वेळा ऐकलं. काकूंना वाटलं, कान दुखतोय. त्या तेल कोमट करून घेऊन आल्या. निकाल असा लागला की आवाज नाही, पण व्हायोलिनं आपलीच! लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या वाद्यवृंदाचा तुकडा उचलून, कापून, पळवलेला. ‘पळवलेला’ हा शब्द काकांनी दोन्ही अर्थांनी वापरला. मग गीतकार-संगीतकारांची नावं निघाली: कॅथी डेनिस, ख्रिश्चन कार्लसन, पाँटस विनबर्ग, हेनरिक योनबॅक. चौघांत लक्ष्मीकांत कुडाळकर नाहीत की प्यारेलाल शर्मा नाहीत. या गाण्याला २००५ साली ग्रॅमी मिळालं हे कळल्यावर काकांनी नुसतं “हं” केलं. खोट्या बिलावर ते असंच “हं” करीत.

व्हिडिओचा अर्थ लावणं हे त्याहून जोखमीचं. त्यात नायिका हवाई सुंदरी होते, हेराचे वेश घेते, हिरव्या द्रवाची कुपी चोरते आणि शेवटी ती प्रियकराच्या तोंडात ओतते. पुतणीच्या मते हा बेइमान प्रियकराचा सूड होता. काकांनी व्हिडिओ थांबवून कुपी मोठी करून पाहिली. “हिरवी आहे. औषधाच्या डब्यावर लाल त्रिकोण म्हणजे जहाल, मग पिवळा, मग निळा. हिरवा सगळ्यांत सौम्य. पोरगा वाचला असेल.” समीक्षा म्हणून ही काही वाईट नाही, निदान पुराव्याला धरून आहे.

‘ब्रिमफुल ऑफ आशा’चं घोडं मात्र पंचेचाळीसवर अडलं. इंग्लंडच्या कॉर्नरशॉपचं हे गाणं सांगलीत जन्मलेल्या आशाताईंच्या नावानं भरलेलं. १९९७ साली ते तिथल्या यादीत साठाव्या नंबरवर थांबलं. मग नॉर्मन कूकनं वेग वाढवून नवा अवतार दिला आणि फेब्रुवारी १९९८मध्ये ते थेट पहिल्या नंबरवर. (बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला तोही १९९८लाच, काका हे सांगितल्याशिवाय पुढं सरकत नाहीत.) गाण्यात सारखं ‘पंचेचाळीस’ येतं. काकांच्या डोक्यात पंचेचाळीस म्हटलं की युरियाची गोणी. मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणारी छोटी तबकडी असा तो हिशोब आहे, हे पुतणीनं समजावलं, तेव्हा व्हिडिओतली रेकॉर्डींच्या पसाऱ्यात रमलेली पोरगीही उलगडली. “म्हणजे हे गाणं आमच्या कपाटाबद्दल आहे,” काका म्हणाले.

काकांचं सर्वांत लाडकं प्रकरण ट्रुथ हर्ट्सच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’चं. २००२च्या त्या गाण्यात ‘ज्योती’मधलं ‘थोडा रेशम लगता है’ वाजतं, तेही खुद्द लतादीदींच्या आवाजात, संगीत बप्पी लाहिरींचं. ‘ज्योती’ १९८१चा, ‘एक दूजे के लिए’ १९८१चा आणि जालना जिल्हाही १ मे १९८१चाच, त्यामुळं काका याला घरचंच भांडण समजतात. बप्पीदांचं नाव कुठंच नव्हतं. प्रकरण अमेरिकेतल्या कोर्टात गेलं आणि २००३ साली न्यायाधीशांनी हुकूम काढला: नाव छापल्याशिवाय सीडी विकायची नाही. लेबल नाही तर विक्री नाही! हे तर आपल्या १९६६च्या बियाणे कायद्यातच आहे, असं म्हणून काकांनी त्या न्यायाधीशांसाठी चहा सांगितला आणि तो स्वतः प्याले.

पुतणीनं शेवटचा डाव टाकला. “मग ‘अग्निपथ’मधली ‘चिकनी चमेली’? ती तर ‘जत्रा’तली ‘कोंबडी पळाली’ आहे.”

काकांनी नावं पाहिली. इकडं अजय-अतुल, तिकडंही अजय-अतुल.

“हे घरचं बियाणं,” काका म्हणाले. “शेतकऱ्यानं आपलं आपण पेरलं तर कायदा आड येत नाही.”

तर वाचकहो, दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावर जुन्या कॅसेटी निघाल्या, तर टेप खुशाल पतंगाला बांधा. कव्हरं तेवढी रद्दीत घालू नका. नवीन जालन्यात घेणारं गिऱ्हाईक आहे. फक्त ते पावती मागतं.