आधी खात्याचा भत्ता कापा

ब्रिटनमधल्या बेकाराला बसून खायला मिळतं, असा इकडे कुणाचा समज असेल तर तो काढून टाकावा. आठवड्याला 35 तास नोकरी शोधायची, शोधल्याची नोंद ऑनलाइन जर्नलमध्ये करायची आणि 'वर्क कोच' म्हणतील त्या दिवशी, त्या वेळी जॉबसेंटरात हजर व्हायचं. तसा वचननामाच लिहून घेतात. त्यात चुकलात की भत्त्याला कात्री. त्या कात्रीचं सरकारी नाव 'सँक्शन'.

2012 च्या नियमांत ही शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांची होती. (तेवढ्यात महाराष्ट्रात तीन मुख्यमंत्री शपथ घेतात.) 2019 मध्ये ती सहा महिन्यांवर आली. युनिव्हर्सल क्रेडिट या तिथल्या सरकारी भत्त्यात बहुतेक शिक्षा एकाच गुन्ह्यासाठी होतात: ठरलेल्या भेटीला गैरहजर. दरोडा नाही, अफरातफर नाही. बस चुकली असेल.

शिस्त हवीच, याबद्दल आमचं दुमत नाही. फक्त ती वरून सुरू व्हावी. म्हणून हा भत्ता चालवणाऱ्या खात्यालाच, म्हणजे 'डिपार्टमेंट फॉर वर्क अँड पेन्शन्स'ला, समोरच्या खुर्चीत बसवून त्याचं जर्नल तपासावं, असा आमचा प्रस्ताव आहे.

पहिली नोंद, हिशेब. तो सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसने 2016 मध्ये मांडलेला आहे. 2015 साली सुमारे चार लाख शिक्षा झाल्या, 13.2 कोटी पौंड अडवून धरले गेले. त्यातले 3.5 कोटी, माणसं अगदीच उपाशी राहायला लागली म्हणून, 'हार्डशिप पेमेंट' या नावाने परत द्यावे लागले. शिक्षा बजावण्याचा खर्च वर्षाला अंदाजे तीन ते पाच कोटी, आणि अटी पाळल्या जातात की नाही हे बघत बसण्याचा सुमारे 20 कोटी. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला; आणि कोंबडीसुद्धा दुसऱ्याच्या ताटातली.

दुसरी नोंद, खोटी माहिती. 2015 मध्ये खात्याने एक पत्रक काढलं. त्यात सारा नावाची हसतमुख बाई सांगत होती की सीव्ही केला नाही म्हणून माझा भत्ता कापला, मग मी तो केला आणि आता तो बघून मला फार बरं वाटतं. शेजारी झॅक होता. त्याने दवाखान्याचं कारण आधी कळवलं होतं, म्हणून त्याचे पैसे शाबूत. कुणीतरी माहिती अधिकारात विचारल्यावर कळलं, सारा नाही, झॅकही नाही. फोटो भलत्यांचे, मनोगत खात्याचं. शिक्षा होऊन खूश झालेला माणूस चार लाखांत एकही सापडेना, तेव्हा तो घरीच बनवावा लागला. एखाद्या बेकाराने असा काल्पनिक मालक अर्जात दाखवला असता तर?

तिसरी नोंद, मुदत. शिक्षेने माणसं खरंच कामाला लागतात का, याचा अभ्यास करून छापू, असा शब्द खात्याने 2019 मध्ये संसदेच्या समितीला दिला होता. अभ्यास झाला. 2022 मध्ये म्हणाले, छापणार नाही. माहिती आयुक्तांनी कान पिळल्यावर 2023 च्या एप्रिलमध्ये तो बाहेर आला. निष्कर्ष असा की शिक्षा झालेली माणसं नोकरीला उशिरा लागतात आणि लागल्यावर कमावतातही कमी. म्हणजे दहा मिनिटं उशीर झालेल्याचा भत्ता ज्यांनी अडवला, त्यांचा स्वतःचा गृहपाठ शब्द दिल्यावर चार वर्षांनी आला, आणि तोही नापासाचा.

यावर एक तोडगा आमच्याकडे आहे. महाराष्ट्राच्या 1977 च्या रोजगार हमी कायद्यात अर्ज बेकाराने करायचा आणि घड्याळ सरकारचं लावायचं. 15 दिवसांत काम दिलं नाही, तर भत्त्याचा भुर्दंड सरकारला. हा भत्ता प्रत्यक्षात कितींच्या हाती पडला, हे विचारून कृपया आमची अब्रू काढू नये. इथे आपण कायद्याच्या सौंदर्याबद्दल बोलतो आहोत.

तेव्हा खात्याचं अनुदान सहा महिने बंद. अगदीच अडलं तर हार्डशिप पेमेंट आहेच. युनिव्हर्सल क्रेडिटच्या नियमाप्रमाणे ते कर्ज समजलं जाईल आणि पुढच्या हप्त्यांतून कापून घेतलं जाईल. निर्णय मान्य नसेल तर अपील करता येईल, पण त्याआधी फेरविचाराचा अर्ज सक्तीचा आहे, आणि तो शिक्षा देणाऱ्याकडेच करायचा असतो. येताना सीव्ही आणावा.