कार्डाचे शाही स्नान

'आरटीएक्स ४०९०' हे ग्राफिक्स कार्ड जोरात असताना सुमारे ४५० वॅट वीज पिते. २०२५ मध्ये आलेल्या ५०९० ची तहान ५७५ वॅटची. ही वीज जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून हौशी मंडळी कंपनीने बसवलेले पंखे उपटतात, तांब्याचा ब्लॉक चढवतात, पंप, नळ्या, रेडिएटर जोडून रंगीत पाणी खेळवतात, आणि खोली पूर्वीइतकीच तापते. उष्णता वाऱ्याने वाहिली काय नि पाण्याने, ओतली जाते त्याच खोलीत. रेडिएटरला पंखे लागतातच, शिवाय खोलीच्या तापमानाखाली तो पाणी नेऊ शकत नाही.

'पण कार्ड तर थंड राहते!' राहते ना. मात्र ४०९० ची मर्यादाच ९० अंशांची. पंख्यांवर सत्तरीत सुखाने नांदणाऱ्याला पन्नाशीत आणून वाढणारा वेग आलेखात दिसतो, खेळताना नाही. आवाज कमी होतो, हे मान्य. एका पेटीत चार कार्डे खेटून रात्रंदिवस रेंडरिंग करणाऱ्याला तर पाण्याचा खराच उपयोग होतो. पण काचेआड एकुलते एक कार्ड मिरवणाऱ्याने तांब्याशी ॲल्युमिनियमची सोयरीक टाळायची (गंज धरतो), शेवाळाचे औषध घालायचे, ठरावीक काळाने पाणी बदलायचे. आणि कार्ड दुरुस्तीला न्यायचे तर आधी सगळा तलाव उपसून मूळ पंखे कुठल्या खोक्यात टाकले ते शोधायचे.