पाडलेल्या शाळेचं बिल कोणाला पाठवलंत?

प्रति,
पॅलेस्टाइनला मदत देणाऱ्या राष्ट्रांची संपर्क समिती
(अध्यक्ष : नॉर्वे)



बेथलेहेमजवळ जुब्बत अद्-धीब नावाची छोटी वस्ती आहे. तिथली शाळा तुमच्यातल्याच युरोपीय संघाच्या पैशातून उभी राहिली होती. 7 मे 2023 रोजी इस्रायली फौजफाटा बुलडोझर घेऊन आला आणि शाळा जमीनदोस्त करून गेला. कारण सांगितलं, बांधकामाला परवाना नव्हता. वेस्ट बँकचा जवळपास 60 टक्के भाग पूर्णपणे इस्रायलच्या ताब्यात आहे आणि तिथं पॅलेस्टिनी माणसाला परवाना मिळणं जवळजवळ अशक्य असतं. शाळेला पैसे देताना तुम्हाला हे ठाऊक होतं. 2017 च्या ऑगस्टमध्ये याच वस्तीतले वर्ग शाळा सुरू होण्याच्या तोंडावर उचलून नेले होते आणि मुलं तंबूत बसली होती, हेही ठाऊक होतं. शाळा पडल्यावर संघानं निषेधाचं पत्रक काढलं. त्या पत्रकासोबत बिल जोडलं होतं का? पाडणाऱ्याकडून वसूल काय केलंत?

गाझाचा विमानतळही आठवून पाहा. जपान, इजिप्त, सौदी अरेबिया, स्पेन, जर्मनी यांच्या पैशातून तो बांधला गेला आणि नोव्हेंबर 1998 मध्ये सुरू झाला. डिसेंबरमध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन तिथं जाऊन पॅलेस्टिनी नेते यासर अराफत यांच्याबरोबर फीत कापून आले. तीन वर्षांत, डिसेंबर 2001 मध्ये, इस्रायलनं त्याचं रडार केंद्र उडवलं आणि पुढच्याच महिन्यात बुलडोझरनं धावपट्टी उखडली. पुढं नाकेबंदीत गाझात बांधकामाचं सामान मिळेनासं झालं, तेव्हा लोकांनी त्याच धावपट्टीखालची खडी उकरून गाढवगाड्यांवर लादून घरं बांधायला नेली. तुमच्या मदतीचा तेवढा भाग मात्र खऱ्या अर्थानं लोकांच्या उपयोगी पडला. फीत कापायला सगळे हजर होते. धावपट्टी उखडली तेव्हा तुमच्यापैकी एकानंही भरपाई वसूल केली नाही.

तुमच्या परिषदा विमानतळाच्या आधीपासून होत होत्या, नंतरही चालूच राहिल्या. ऑक्टोबर 1993 मध्ये वॉशिंग्टनला पाच वर्षांसाठी सुमारे 2.4 अब्ज डॉलर. डिसेंबर 2007 मध्ये पॅरिसला 7 अब्जांहून जास्त. मार्च 2009 मध्ये शर्म अल-शेखला साडेचार अब्जांच्या घरात. ऑक्टोबर 2014 मध्ये कैरोला 5.4 अब्ज. यातलं बरंचसं आश्वासनांच्या यादीतच राहिलं. पण जे पोचलं, त्याचाही हिशोब मांडू. 1993 मध्ये इस्रायली-पॅलेस्टिनी ऑस्लो करार झाला तेव्हा, पूर्व जेरुसलेम वगळून, वेस्ट बँकमधल्या वसाहतींत सुमारे 1 लाख 10 हजार इस्रायली राहत होते. 2023 पर्यंत ते पाच लाखांच्या आसपास गेले. 2003 चा ‘रोडमॅप’ नावाचा शांतता आराखडा तर 2005 पर्यंत सगळा तंटा मिटवून देणार होता. तुम्ही एका बाजूला शांततेची वर्गणी काढत राहिलात आणि जिच्यावर शांतता उभी राहायची ती जमीनच हातची जात राहिली.

चौथ्या जिनिव्हा कराराचं 55 वं कलम सांगतं की व्यापलेल्या प्रदेशातल्या लोकांना अन्न आणि औषधं मिळतील, हे पाहण्याची जबाबदारी ताबा घेणाऱ्याची आहे. गेली तीस वर्षं ही जबाबदारी तुम्ही आपल्या खर्चानं इस्रायलच्या खांद्यावरून उतरवून घेतलीत. ज्याला ताब्याची किंमत मोजावी लागत नाही, तो ताबा कशाला सोडेल?

आणि पलीकडच्या बाजूला तरी तुम्ही काय साधलंत? पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास 2005 मध्ये चार वर्षांसाठी निवडून आले, ते आजही त्याच खुर्चीत आहेत. तिथं संसदेची शेवटची निवडणूक जानेवारी 2006 मध्ये झाली. त्यांच्या पोलिसांना, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण आणि पगार देत राहिलात. मतपेटीचा आग्रह मात्र शेवटपर्यंत धरला नाहीत. गाझात 2018 मध्ये कतारची रोख रक्कम बॅगांत भरून गेली, ती इस्रायलच्या संमतीनं. गाझावर सत्ता असलेल्या हमासनं सिमेंट आणि पैसा भुयारांत ओतला आणि 7 ऑक्टोबर 2023 ला सामान्य माणसांची कत्तल घडवली. तिचं कुठलंही समर्थन होऊ शकत नाही. पण निवडणूकच न उरलेल्या त्या लोकांना आपल्या राज्यकर्त्यांना जाब विचारायची सोयही तुम्ही मिळवून दिली नाहीत.

2024 मधला अमेरिकी तरंगता धक्का तर मला विसरता येत नाही. सुमारे 23 कोटी डॉलर खर्चून गाझाच्या किनाऱ्यावर उभारलेला तो धक्का लाटांनी मोडला, पुन्हा जोडला, पुन्हा काढला. जेमतेम वीस दिवस त्यानं काम केलं. जवळच इस्रायलचं अश्दोद बंदर होतं आणि गाझात शिरायचे जमिनीवरचे रस्ते होते. ते सताड उघडायला लावायला एक ठाम शब्द पुरला असता. हा शब्द कोणाच्या तोंडी शोभला असता? इस्रायलला दरसाल 3.8 अब्ज डॉलरची लष्करी मदत देण्याचा करार करणाऱ्या अमेरिकेच्याच.

पीठ आणि औषधं बंद करा, असं मी म्हणत नाही. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेसह अनेकांनी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित-मदत संस्थेचे पैसे थांबवले, तेव्हा 7 ऑक्टोबरच्या हल्ल्यात सामील असल्याच्या बारा कर्मचाऱ्यांवरच्या आरोपाची शिक्षा रांगेत उभ्या असलेल्या पोरांना झाली. त्या संस्थेला भारतही अलीकडच्या वर्षांत दरसाल 50 लाख डॉलर देत आला आहे. त्यात माझ्या करातला अंश आहे, म्हणून मी आपल्या सरकारलाही हाच प्रश्न विचारतो.

वसुली करता येते, हे त्या जुब्बत अद्-धीबमध्येच दिसलं आहे. 2017 मध्ये तिथं डच पैशानं बसवलेली सौर पॅनल इस्रायलनं जप्त केली. डच सरकारनं निषेध नोंदवला, ती बसवणाऱ्या संस्थेनं कोर्टात दाद मागितली, आणि काही महिन्यांत पॅनल परत आली. एका लहानशा देशानं पाठपुरावा केला तर एवढं होतं. तुम्ही तर सगळे मिळून बसता.

तेव्हा पुढच्या बैठकीत नव्या आश्वासनांची यादी वाचण्याआधी जुनी यादी वाचा : तुमच्या पैशानं उभं राहिलेलं आणि पाडलेलं प्रत्येक बांधकाम, त्याची किंमत, ते पाडणारा, आणि वसूल झालेली रक्कम. शेवटच्या रकान्यात शून्य असेल तर तेही छापा.

कळावे.

भारतातला एक करदाता